व्यवहारदृष्टी : न पाहिलेल्या मालाचा इसार

आंबिया बहाराची तोड सुरू होण्यापूर्वी वरूडचा संत्रा व्यापारी बगिचे फिरू लागतो, हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. सौदा ठरवताना तो बांधावर उभा राहून समाधान मानीत नाही. ओळीओळीने झाडांखालून जातो, फांदी हाताने उचलून आतला माल पाहतो, चार फळे तोडून साल आणि रस पारखतो, गळ किती झाली याचा अंदाज जमिनीकडे पाहून घेतो. विहिरीला पाणी किती आहे, हे शेतकऱ्याला न विचारता पाहून ठेवतो. बाग कोणाच्या नावावर आहे, भावाभावांत वाटणी झाली आहे की नाही, मागच्या हंगामात सौदा कोणी आणि का मोडला, याचीही चौकशी गावातल्या चहाच्या टपरीवर होते. एवढे सारे झाल्यानंतर इसाराची रक्कम हातातून सुटते. आणि तीही एकूण रकमेचा लहानसा भाग असते. उरलेले पैसे तोड होत जाईल तसे दिले जातात.

हाच व्यापारी, किंवा बहुधा त्याचा मुलगा, रात्री दुकान वाढवून घरी येतो, जेवण आटोपून मोबाइल उघडतो आणि जुनी पिकअप गाडी शोधू लागतो. छायाचित्र चांगले दिसते, किंमत बाजारापेक्षा लाखभराने कमी असते, विकणारा माणूस आदबीने बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत त्या न पाहिलेल्या गाडीचा इसार न पाहिलेल्या माणसाच्या खात्यात जमा झालेला असतो.

ही विसंगती मूर्खपणातून येते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. फसलेल्या माणसांत निरक्षर थोडे आणि व्यवहारात मुरलेले पुष्कळ असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्येने जुना सोफा विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात दिली, तेव्हा खरेदीदार म्हणून पुढे आलेल्या माणसाने आधी किरकोळ रक्कम पाठवून खात्याची खात्री केल्याचे नाटक केले, मग एक क्यूआर कोड पाठवला आणि दोन व्यवहारांत तिच्या खात्यातून ३४ हजार रुपये काढून घेतले. उच्चशिक्षित घर, राजधानीचे शहर, हाताशी सारी यंत्रणा. तरीही घडायचे ते घडले.

व्यापारी घराण्यांच्या बाबतीत कारण आणखी एका ठिकाणी आहे. आपल्या पेढ्या विश्वासावर चालत आल्या. हुंडीच्या काळापासून शब्दावर माल सुटला, चिठ्ठीवर रक्कम सुटली. परंतु तो विश्वास आंधळा कधीच नव्हता. ज्याला माल उधार दिला त्याचे दुकान ठाऊक होते, त्याचे सोयरे ठाऊक होते, त्याने शब्द मोडला तर उद्या सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते. पत म्हणजे माणूस सापडण्याची खात्री. मोबाइलच्या पडद्यावर बोलणारा माणूस तीच आदबशीर भाषा वापरतो, ‘शेठजी’ म्हणतो, ‘आपण जैन आहात म्हणून सांगतो’ असेही म्हणतो. पण त्याचा ओटा कोठेच नसतो. सवयीने आपण शब्द ऐकून विश्वास टाकतो आणि त्या शब्दामागचा ओटा पाहायचा विसरतो.

या फसवणुकीचा सर्वांत प्रचलित प्रकार बहुतेकांनी ऐकलेला आहे. विकणारा स्वतःला लष्करात किंवा एखाद्या केंद्रीय सुरक्षा दलात असल्याचे सांगतो. बदलीचा हुकूम आला आहे, गाडी किंवा बुलेट सोबत नेता येत नाही, म्हणून स्वस्तात काढायची आहे. ओळखपत्राचे, गणवेशातले, कँटीन कार्डाचे छायाचित्र लगेच येते. वाहन ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ने घरपोच येईल असे सांगून प्रथम दोन-तीन हजार रुपये वाहतुकीचे मागितले जातात. ते दिले की गेटपासचे, मग विम्याचे, मग उशिराच्या दंडाचे. ‘ही रक्कम परत मिळणार आहे’ हे वाक्य प्रत्येक वेळी सोबत असते. आधी गेलेले आठ हजार वाचवण्यासाठी माणूस पुढचे पंधरा हजार देतो आणि मग त्या तेवीस हजारांसाठी आणखी पंचवीस. बुडत्या खात्याला सावरण्यासाठी नवी उधारी देत राहणारा दुकानदार याच वाटेने जातो, म्हणून व्यापाऱ्याला ही वाट ओळखीची वाटली पाहिजे.

ओळखपत्राबद्दल एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. पाठवलेले ओळखपत्र पुष्कळदा खऱ्या माणसाचेच असते, केवळ तो माणूस फोनवर नसतो. आधीच्या कोणत्या तरी व्यवहारात त्याने ते विश्वासाने पाठवलेले असते. म्हणजे आज खरेदीदार म्हणून ज्याने आपले आधार कार्ड अनोळखी माणसाला पाठवले, त्याचेच नाव आणि चेहरा उद्या दुसऱ्या कोणाला फसवण्यासाठी विक्रेत्याचे म्हणून वापरले जाऊ शकते. आधारची प्रत देणे अपरिहार्यच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते आणि तिच्यावर ‘अमुक वाहनाच्या व्यवहारासाठी, अमुक तारखेस’ असे आडवे लिहिता येते.

‘वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत’ हा सल्ला आता घरोघरी पोहोचला आहे आणि तो योग्यही आहे. परंतु अलीकडे असा एक प्रकार वाढला आहे की ज्यात वस्तू खरी असते, ती डोळ्यांनी पाहिलेली असते, मालकही खरा आणि समोर उभा असतो, आणि तरीही पैसे बुडतात. तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पुढील प्रसंग कोणा एका घरचा नाही. अशा तक्रारींतून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या रीतीवरून तो मांडला आहे.

वरूडच्या एका अडत्याच्या घरी हंगामापुरती गाडी भाड्याने घेण्याऐवजी स्वतःची जुनी पिकअप घ्यावी असे ठरले. धाकट्या मुलाने पेढीचे काम नुकतेच अंगावर घेतले होते आणि ही त्याची पहिली मोठी खरेदी होती. बाजारात सव्वापाच लाखांना जाणारी गाडी जाहिरातीत चार लाख दहा हजारांना दिसली. फोनवरचा माणूस म्हणाला, “गाडी माझ्या साडूकडे काटोलला उभी आहे. जाऊन मनसोक्त पाहा, मेकॅनिक सोबत न्या. फक्त किमतीचा विषय तिथे काढू नका. आमच्या आपसातला हिशेब आहे, साडू नाराज होईल.” मुलगा मेकॅनिकला घेऊन गेला. गाडी चोख होती. इंजिन पाहिले, चासी नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळवला, घरमालकाने चहा पाजला. मुलाने अंगणातूनच घरी फोन केला, “काकाजी, गाडी चांगली आहे, कागदही बरोबर आहेत.” काकाजींनी होकार दिला आणि पेढीच्या खात्यातून चार लाख दहा हजार रुपये सांगितलेल्या खात्यावर गेले.

अर्ध्या तासाने मुलाने किल्ली मागितली. मालक चकित झाला. “कायचे पैसे, शेठजी? मले तं एक रुपयाबी भेटला नाही.”

घडले होते ते असे. मालकाने आपली गाडी सव्वापाच लाखांना विकण्याची खरी जाहिरात दिली होती. तिसऱ्याच कोणी ती छायाचित्रे उचलून कमी किमतीची दुसरी जाहिरात टाकली. मालकाला त्याने फोन करून सांगितले, “गाडी मला पसंत आहे. माझ्याकडून येणे असलेला एक व्यापारी पाहायला येईल, त्याच्या हिशेबात मी ती त्याला देतो आहे. त्याच्यासमोर किंमत बोलू नका, पैसे मी देतो.” दोन प्रामाणिक माणसे एकाच अंगणात समोरासमोर बसून चहा प्याली आणि दोघांनीही दिलेल्या शब्दाला जागून किमतीचा एक शब्द उच्चारला नाही. फसवणूक करणाऱ्याला त्या दोघांची एवढीच मदत हवी होती.

यात व्यापाऱ्याच्या संस्काराचाच उपयोग करून घेतलेला आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत वऱ्हाडाला अपरिचित नाही. चारचौघांत भाव न बोलणे हा आपल्याकडे शिष्टाचार समजला जातो. परंतु रुमालाखाली दोन हात असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक देणाऱ्याचा. येथे तिसऱ्याचा हात होता. म्हणून ज्या क्षणी कोणी ‘मालकाशी किमतीचे बोलू नका’ असे सांगेल, त्या क्षणी तेच पहिले बोलावे. मालकाला विचारावे : आपल्याला नेमके किती रुपये मिळायचे आहेत, आणि कोणत्या खात्यावर? या एका प्रश्नाने काटोलचा तो व्यवहार पाच मिनिटांत उघडा पडला असता.

गाडी अर्थातच मालकाकडेच राहिली. त्याला मोबदला मिळालेला नव्हता आणि त्याने कोणाला आपल्या वतीने विकण्याचा अधिकारही दिलेला नव्हता. १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमाचे कलम २७ या बाबतीत स्पष्ट आहे : सामान्यतः विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क असेल, त्याहून अधिक हक्क खरेदीदाराला मिळत नाही. ज्याची वस्तू नव्हती त्याने विकली, तर पैसे मोजूनही ती आपली होत नाही. चोरीचा मोबाइल, चोरीची दुचाकी, बोजा असलेला ट्रॅक्टर, या साऱ्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

या संदर्भात जैन वाचकाला परका न वाटावा असा एक शब्द आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘तदाहृतादान’ हा एक आहे. म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. स्वतः चोरी न करता केवळ स्वस्त मिळते म्हणून अशी वस्तू घेणाऱ्यालाही तेथे मोकळे सोडलेले नाही. आजच्या कायद्याची भूमिका फार वेगळी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर एक लाखाचा मोबाइल पंचवीस हजारांत, बिलाविना, रस्त्यावर घेणाऱ्याच्या तोंडी फारसे टिकत नाही. इतकी कमी किंमत हेच ‘सबळ कारण’ ठरू शकते.

मोबाइलची पडताळणी आता कोणालाही करता येते. फोनवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम हे तीन इंग्रजी अक्षर, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या संचाची माहिती आणि त्याची स्थिती कळते. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या संचार साथी सेवेवरही हेच पाहता येते. हरवल्याची वा चोरीची नोंद होऊन बंद केलेला संच येथे उघड होतो. पैसे देण्याआधी हे दुकानात उभ्या उभ्या होण्यासारखे काम आहे. सोबत जुन्या मालकाने आपल्या खात्यातून फोन बाहेर काढला आहे की नाही, हेही समोरच पाहून घ्यावे. नाही तर हातात आलेली वस्तू दुसऱ्याच्या संकेतशब्दाने कुलूपबंद राहते.

वाहनाच्या बाबतीत मात्र थोडे अधिक सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण वरूड हा सीमेवरचा तालुका आहे. पलीकडे मुलताई आणि पांढुर्णा. तेथील एमपी-४८ आणि एमपी-२८ क्रमांकांच्या गाड्या इकडच्या बाजारात सहज येतात आणि बहुतेकदा स्वस्त पडतात. ती स्वस्ताई पूर्ण मोजून पाहावी. दुसऱ्या राज्यातील वाहन घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. येथील कर नव्याने भरावा लागतो आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इकडे ठेवायची असेल, तर येथील क्रमांकही घ्यावा लागतो. वरूडच्या खरेदीदारासाठी तो अमरावती कार्यालयाचा एमएच-२७ असेल. मूळ मालक चार हात आधीचा असेल आणि मधल्या तिघांनी गाडी नावावर करून घेतलीच नसेल, तर त्या सहीसाठी बैतूल जिल्ह्यात कोणाला शोधत फिरणार, याचा विचार इसारापूर्वीच करावा.

राज्यातल्या राज्यात हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या पत्रासह नमुना ३५. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत हस्तांतरण कळवायचे असते. हे काम ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवणे आपल्याकडे फार चालते, आणि त्यातला धोका विकणाऱ्यालाच जास्त आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणातील नोंदणीकृत मालकाने गाडी केव्हाच विकली होती आणि ती पुढे एकामागून एक अनेकांकडे गेली होती. जुनी गाडी विकून ‘सही करून दिली, सुटलो’ असे समजणाऱ्यांनी हा निर्णय लक्षात ठेवावा.

नोंदणी पुस्तकाच्या छायाचित्रावर विसंबण्याचे दिवस गेले आहेत. ते संगणकावर कोणीही बदलू शकते. एम-परिवहन या सरकारी ॲपवर वाहन क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा यांची स्थिती दिसते. मालकाचे नाव अर्धे झाकलेले असले तरी ताडून पाहण्यापुरते पुरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत, चोरीला गेलेल्या वाहनांच्या नोंदींशी पडताळून तसा दाखलाही काढता येतो. आणि चासी नंबर बोटाने चाचपून पाहावा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा भोवतीचा रंग वेगळा असलेला नंबर अनुभवी मेकॅनिकच्या नजरेतून सुटत नाही. मेकॅनिक आपला न्यावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, हे सांगणे व्यापाऱ्याला अपमानास्पद वाटेल. तरीही ते सांगावे लागते.

पैसे देण्याच्या रीतीतच निम्मे संरक्षण आहे. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव त्याच्याच बँक खात्यावर रक्कम जावी. भाऊ, साडू, मॅनेजर, ‘साहेबांचे खाते’ असे काहीही चालू नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीने रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांनी दिली आहे. यूपीआयवरही बँकेत नोंदलेले नाव दिसते. ते वाचायला पाच सेकंद लागतात. काटोलच्या त्या व्यवहारात पडद्यावर आलेले नाव मालकाचे नव्हते, साडूचेही नव्हते. मुलाने ते पाहिले होते आणि घाईत पुढे गेला होता.

रोखीने दिले तर माग राहत नाही म्हणून सुरक्षित, असा समज काही घरांत अजून आहे. माग न राहणे हे घेणाऱ्याच्या सोयीचे, देणाऱ्याच्या नव्हे. शिवाय २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. विकणारे आपण असू, तर तो दंड आपल्यावर येतो.

आणि यूपीआयविषयी एकच गोष्ट घरातील सर्वांना, विशेषतः दुपारी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांना, पाठ करवावी : पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणारच. व्यक्तीने व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्याने एक दार लागले. क्यूआर कोडचे दार अजून उघडे आहे.

दागिन्यांच्या बाबतीत जैन घरांना पारख शिकवण्याची गरज नाही, परंतु ओळखीच्या सराफाबाहेर, ‘लग्न मोडले, सेट न वापरताच विकायचा आहे’ अशा जाहिराती आता सर्रास दिसतात. हॉलमार्कवरील सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. १ एप्रिल २०२३ पासून सराफांनी विकलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो असणे आवश्यक आहे. त्यापूर्वीच्या दागिन्यावर तो नसणे स्वाभाविक आहे, अशा वेळी शुद्धता केंद्रातून तपासणी करूनच बोलावे. तपासणीत क्रमांक जुळला, तरी वर्णन जुळते का पाहावे : क्रमांक अंगठीचा आणि हातात पाटली, असे असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. सोने शुद्ध असले म्हणजे ते विकणाऱ्याचेच आहे असे नाही. मूळ बिल मागण्यात संकोच नको.

याहून नाजूक विषय जुन्या मूर्तींचा आणि हस्तलिखितांचा आहे. पंचधातूची प्राचीन जिनप्रतिमा, जुनी पोथी, यांची छायाचित्रे समाजाच्या गटांतून फिरतात. ‘अमुक ठिकाणी उपेक्षित पडली होती, योग्य घरी जावी’ अशी भाषा असते, आणि घेणाऱ्याचा हेतूही बहुधा धर्माचाच असतो. परंतु १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमाखाली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि मूर्तीची नोंदणी आवश्यक असते. कारंजा आणि शिरपूर यांसारखी प्राचीन स्थाने ज्या वऱ्हाडात आहेत, तेथे अशी प्रतिमा समोर आली तर ती कोणत्या तरी मंदिरातून उचललेली असण्याची शंका आधी यावी. नवी मूर्ती आम्लाने काळवंडवून जुनी म्हणून विकण्याचा धंदाही आहेच. दोन्ही परिस्थितींत घेणाऱ्याच्या हाती पुण्य येत नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने एक संकट अलीकडे व्यापाऱ्यांना विशेष जाचक ठरत आहे. जुना कॅमेरा किंवा फोन आपण अनोळखी माणसाला विकतो, पूर्ण रक्कम खात्यात जमा होते, माल देतो. दोन आठवड्यांनी बँक कळवते की दूरच्या राज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून ती रक्कम, कधी कधी संपूर्ण खाते, गोठवले आहे. कारण ते पैसे दुसऱ्या कोणाला फसवून आलेले होते आणि चोरट्याने त्यांतून वस्तू विकत घेऊन पैसा धुऊन टाकला. ऐन तोडीच्या दिवसांत मजुरांचे आणि बागवाल्यांचे पैसे ज्या खात्यातून द्यायचे, तेच बंद पडले तर काय होते, हे सांगायला नको. म्हणून अशा किरकोळ विक्रीसाठी पेढीचे चालू खाते कधीही देऊ नये. वेगळे बचत खाते असावे. पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि समोर उभ्या माणसाचे नाव एकच असल्याची खात्री करावी, विक्रीपत्र दोन प्रतींत करून ओळखपत्राची प्रत सोबत ठेवावी. हे कागद असले तर पोलिसांना आणि बँकेला दाखवून खाते मोकळे करून घेण्याची वाट पुष्कळ सुकर होते.

एवढी दक्षता घेऊनही पैसे गेले, तर पहिले तास सर्वांत मोलाचे. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती तेथेच अडवून धरता येते. एटीएममधून निघून गेली की ते फार कठीण होते. आपल्या बँकेलाही लेखी कळवावे, संदेश आणि जाहिरातीची चित्रे पुसू नयेत, आणि मग वरूडच्या पोलीस ठाण्यात किंवा अमरावती ग्रामीणच्या सायबर पोलिसांकडे जावे. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन करणारा पहिला माणूस बहुधा त्याच टोळीतला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पिकअपच्या त्या प्रसंगात मुलाने १९३० ला फोन केला तो दोन दिवसांनी. ते दोन दिवस तो चोरट्याच्या बंद फोनवर प्रयत्न करीत राहिला, एका मित्राकडून उसने पैसे मिळतात का पाहत राहिला, आणि घरी मात्र ‘कागदपत्रे व्हायची आहेत’ असे सांगत राहिला. पेढी हातात आल्याला चार महिनेही झाले नव्हते. पहिल्याच मोठ्या व्यवहारात चार लाख दहा हजार घालवले, हे काकाजींच्या गादीसमोर उभे राहून कसे सांगावे, हा त्याचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी रात्री ते आईला कळले, तिने ते सांगितले. काकाजींनी रागावण्याऐवजी प्रथम विचारले, “फोन लावला का त्या नंबरवर?” तोवर बहुतेक रक्कम तीन खात्यांतून पुढे निघून गेली होती. एका खात्यात एकोणचाळीस हजार अडकून राहिले होते, तेवढे गोठवले गेले.

त्या हंगामात माल भाड्याच्या गाडीनेच गेला. मृग बहारापूर्वी पुन्हा जुनी गाडी पाहण्याचे निघाले, तेव्हा काकाजी स्वतः सोबत गेले. समोरच्या माणसाचे घर पाहिले, शेजारच्या किराणा दुकानात दोन प्रश्न विचारले, मग अंगणात बसून किंमत मोठ्याने, दोघांच्या देखत ठरवली. इसार अकरा हजारांचा दिला, मालकाच्याच खात्यावर. उरलेली रक्कम परिवहन कार्यालयात कागद दाखल झाले त्या दिवशी.